विहिरीतला हिरवा: पद्मपाणीच्या फलकाची नोंद

मंडळी, अजिंठ्याच्या पद्धतीने मातीच्या फलकावर काढायला घेतलेला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व, आता रंगापर्यंत आला. गिलावा वाळला, चुन्याचा पातळ हात बसला, गेरूची रेघही ओढून झाली.

गिलाव्याला शेतातली काळी माती चालत नाही. वाळताना आकसते आणि भेगाळते. मी गावठाणातली पांढरी माती चाळून घेतली. त्यात शेण, गव्हाचं बारीक कुटार आणि अंबाडीचा कातरलेला वाक, म्हणजे सालीचे तंतू, घातला. भिजवायला कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी घेतलं, कारण अजिंठ्यात गिलाव्यातला भुसा आणि तंतू किड्यांनी खाल्ल्यामुळे कित्येक ठिकाणी चित्रं भिंतीपासून सुटली आहेत.

या खेपेचा खरा आनंद हिरव्याचा. अजिंठ्याचा हिरवा म्हणजे हिरवी माती, आणि ती आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये सापडते. शेजारच्या शिवारात नवी विहीर खणणं चालू आहे. तिथल्या मलब्यात हिरवी खपली धरलेले दगड मिळाले. खपली खरवडली, खलात घोटली, भरपूर पाण्यात ढवळली. जाड कण खाली बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि निवळू द्यायचं. तळाशी उरतो तो लगदा म्हणजे रंग. सुका असताना राखाडी दिसतो, डिंकाचं पाणी लागलं की पावसाळ्यातल्या शेवाळासारखा खुलतो. गेरूने भरलेल्या अंगाशेजारी बाजारचा कुठलाच हिरवा इतका शोभत नाही, हे माझं ठाम मत.

काळ्यासाठी जवसाच्या तेलाच्या दिव्याची काजळी आहे. निळा मात्र कोराच ठेवलाय. तिथला निळा लाजवर्दाचा, तो दगड थेट अफगाणिस्तानातून यायचा. ट्यूबमधला निळा इथे लावायला मन धजत नाही.

आम्हा वाशीमकरांना या चित्रांचा वेगळा जिव्हाळा आहे. सोळावं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेणाची शाखा वत्सगुल्माची, म्हणजे आमच्या वाशीमची. पद्मपाणी पहिल्या लेण्यातला, पण काळ तोच, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

आता मुकुट आणि मोत्यांची माळ घेतोय. डोळे मूर्तिकारांच्या रीतीप्रमाणे सगळ्यात शेवटी. एक विचारायचंय: ही हिरवी भुकटी डिंक फार पिते. कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर पापुद्रा उचलतो. मी धावड्याचा डिंक वापरतोय. कोणी बाभळीचा वापरला असेल तर प्रमाण जरूर कळवा.