पाणी योजना मे महिन्यात तपासा

लातूर-धाराशिव भागात मी सर्वेक्षणाचं काम करते. गावात झालेली पाणी योजना, बंधारा, पाणंद रस्ता लोकांच्या उपयोगी पडला का, हे घरोघर जाऊन विचारायचं. या कामात माझं एक मत पक्कं झालंय. आपल्याकडे कामं तपासतात, पण भलत्याच महिन्यात.

निधी मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे म्हणून फेब्रुवारीपासून धावपळ सुरू होते. मोजमाप पुस्तिकेत नोंद, जागेची नोंद असलेला (जिओ-टॅग केलेला) फोटो, पूर्णत्वाचा दाखला, बिल. पाइप किती मीटर गेला, टाकी किती लिटरची, हे बघायलाच हवं. त्यावर माझा आक्षेप नाही. पण तेव्हा बोअरला अजून पाणी असतं. काळ्या मातीतला रस्ताही मार्चमध्ये टणक असतो. तो टिकला का, हे ऑगस्टमध्ये बैलगाडी रुतते की नाही यावरून कळतं.

2019 साली घरोघर नळाचं पाणी द्यायचं जल जीवन मिशन आलं, तेव्हा माणशी रोज 55 लिटर शुद्ध पाणी, तेही नियमित, असं ठरलं. म्हणजे नुसती तोटी बसवून भागत नाही. पाच माणसांच्या घराला रोज 275 लिटर लागतात. औसा तालुक्यातल्या एका गावात पाणी आठ दिवसांआड येत होतं. तिथं एका घराला एका खेपेत 2,200 लिटर भरून ठेवावे लागतील, म्हणजे 200 लिटरचे अकरा ड्रम. त्या वस्तीत बहुतेकांच्या दारात दोन ड्रम होते. शेवटच्या टोकाच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "वरच्या आळीचं भरून होस्तोवर मोटर बंद होती, बाई. आमच्याकडं नुसती हवा येती." कागदावर त्या घराला नळजोडणी आहे, आणि ती खरीच आहे.

म्हणून मी आता टाकीपासून सर्वांत लांबच्या घरापासून सुरुवात करते. हंडा भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघते, आणि पाणी किती वाजता येतं ते बाईमाणसाला विचारते. पुरुषांना वेळ सांगता येत नाही, कारण पाणी ते भरत नाहीत.

दुसरी एक तपासणी तर तहसीलमध्ये बसून होईल. उन्हाळ्यात खासगी विहीर-बोअर गावासाठी तात्पुरती ताब्यात घ्यायचे, म्हणजे अधिग्रहणाचे, आणि टँकरचे प्रस्ताव येतात. ती यादी आणि 'पूर्ण' झालेल्या योजनांची यादी शेजारी ठेवा. जे गाव दोन्हीकडे दिसेल तिथं आधी जा. स्रोत आटला, वीजबिल थकलं की व्हॉल्व्ह बिघडला, हे गावात गेल्यावर अर्ध्या दिवसात समजतं.

हे अवघड नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजते. त्यांना ठाऊक आहे की एकाच नोंदीवरून विहीर कळत नाही. मग जे विहिरीला लागू, ते त्याच विहिरीवर उभ्या असलेल्या योजनेला का नको? गावोगावी पाणी अडवून जिरवण्याच्या जलयुक्त शिवार अभियानावर 9,600 कोटींहून जास्त खर्च झाला, आणि भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही असं सरकारी खर्च तपासणाऱ्या 'कॅग'नं 2020 साली सांगितलं. तोवर अभियान संपलं होतं. दरवर्षी मेमध्ये बघितलं असतं तर पुढच्या वर्षीचं काम तरी बदलता आलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पंधराव्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या पैशातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला होता. असा निधी आराखड्यात दिसला की ग्रामपंचायतीनं त्यातून दुरुस्तीला, स्रोत बळकट करायला किती ठेवले ते विचारा. 1 मेची ग्रामसभा नेमकी टंचाईत येते. त्या दिवशी शेवटच्या दहा घरांतल्या बायकांना पुढं बसवा, आणि कुणाकडं किती दिवसांनी, किती हंडे पाणी आलं ते एकेकीकडून ऐकून इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय उठू नका.