तळमजला म्हणजे शून्य

न्यू जर्सीतल्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बंद होतात आणि मुंबईतल्या तोवर सुरू झालेल्या असतात. त्यामुळे माझी सुट्टी म्हणजे भाचीची ऐन शाळा. यंदाही लालबागला बहिणीकडे उतरले, बॅगा अजून दारातच होत्या, आणि भाची वही घेऊन आली. ती सातवीत आहे, सेमी-इंग्लिशला. मीही तिकडे सातवीलाच गणित शिकवते.

"मावशी, मायनस मायनस प्लस का होतं गं? पाठ झालंय माझं, पण का होतं ते कळत नाही."

अगदी हाच प्रश्न मला तिकडची मुलंही विचारतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ऋण संख्यांची ओळख सहावीत होते आणि त्यांची बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार सातवीत. म्हणजे वय तेच, अडायची जागाही तीच. नियम पाठ करून मुलं परीक्षेपुरती निभावतात आणि पुढे बीजगणितात कंस सोडवताना नेमकी तिथेच घसरतात. म्हणून या प्रश्नावर मी कधी घाई करत नाही.

तिकडच्या माझ्या पहिल्या वर्षी मी वर्गात एक गणित घातलं होतं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून बेसमेंटच्या दुसऱ्या पातळीवर गेली, तर किती मजले उतरली? माझ्या मनात उत्तर तयार होतं: ३ − (−२) = ५. जवळजवळ सगळ्या वर्गाने ४ लिहिलं. मी सगळ्यांना चूक दिली. तास संपल्यावर एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. तिने एकाखाली एक आकडे मांडले होते, ३, २, १, बी-१, बी-२, आणि मधल्या उड्या बोटाने मोजून दाखवल्या. चार. तिचं बरोबर होतं. अमेरिकेत रस्त्याच्या पातळीवरचा मजला हाच पहिला मजला. एकच्या खाली थेट बेसमेंट, मध्ये शून्य नाहीच. मी मात्र मनातल्या मनात मुंबईची इमारत उभी केली होती. आपल्याकडे आधी तळमजला, मग पहिला. दुसऱ्या दिवशी वर्गाची माफी मागून मी सगळ्यांचे गुण परत दिले.

त्या दिवसापासून मी फळ्यावर मुंबईची इमारत काढते. तिकडच्या मुलांना शून्य असं अंगवळणी पडलेलं नसतं. थंडी मोजतात तीही फॅरनहाइटमध्ये. त्यात पाणी ३२ अंशांना गोठतं, शून्य अंशाला विशेष काहीच घडत नाही. म्हणून मी त्यांना सांगते, माझ्या शहरात घरी येताना माणूस आधी शून्यावर पाय ठेवतो. तिथून वर चढलं की धन, खाली उतरलं की ऋण. संख्यारेषा आडवी काढण्याऐवजी उभी काढली, की पुष्कळ मुलांची भीती जाते असा माझा अनुभव आहे.

भाचीला मी वहीसकट लिफ्टमध्येच नेलं. बहिणीची जुनी चाळ पाडून हा टॉवर झाला. खाली पार्किंगच्या दोन पातळ्या आहेत. तळमजल्याच्या बटणाशेजारी तिने पेन्सिलीने ० लिहिलं, बी-१ जवळ −१, बी-२ जवळ −२. तिसऱ्यावरून तळाशी गेलो. मजले ती मोठ्याने मोजत होती. पाच! दार उघडलं तर समोर पावसाचं पाणी साचलेलं, रखवालदार झाडूने ते गटाराकडे लोटत होते. आम्ही तसेच वर आलो.

पण मजले मोजून 'किती अंतर' एवढंच कळतं. वजा करायचं तेच ऋण असेल तर? इथे मला मराठीच कामाला आली. भाचीच्या पुस्तकात 'निगेटिव्ह' आहे, 'ऋण' हा शब्द तिने गणितात ऐकलाच नव्हता. ऋण म्हणजे कर्ज, एवढं सांगितलं आणि तिचे डोळे मोठे झाले. मग मी तिच्या हातात सात रुपये ठेवले. म्हटलं, यातले दोन तू कॅंटीनवाल्या काकांना देणं लागतेस. तुझे खरे किती?

"पाच."

"काका म्हणाले, राहू दे गं, नकोत. आता?"

"सात!" आणि क्षणभर थांबून, "म्हणजे पाचातून कर्ज वजा झालं... म्हणून वाढले?"

५ − (−२) = ७. कर्जमाफी हा शब्द ती रोज बातम्यांत ऐकते. दोन-दोन रुपयांची तीन कर्जं माफ झाली तर काय, हे तिने स्वतःच मांडलं: (−३) × (−२) = ६. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त हे नियम धन आणि ऋण याच शब्दांत सांगितले. शून्यातून ऋण वजा केलं की धन होतं, हेही त्यात आहे. तेराशेहून अधिक वर्षं हा शब्द आपल्याकडे आहे आणि अर्थ त्याच्या पोटातच आहे. सेमी-इंग्लिशला माझा विरोध नाही, पण शिकवताना निदान एकदा तरी हा शब्द मुलांच्या कानावर पडावा असं मला मनापासून वाटतं. ऋण, छेद, समच्छेद या शब्दांत निम्मं स्पष्टीकरण आधीच येऊन बसलेलं असतं.

काल लिफ्टच्या बटणांचा फोटो काढला. पेन्सिलीचे आकडे पुसट झाले होते, भाचीने ते पुन्हा गिरवून दिले. सप्टेंबरमध्ये माझी शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात तो वर्गात लावणार आहे. खाली तिने मराठीत लिहिलंय, 'आमच्याकडे शून्य मजला आहे.' त्याचं इंग्रजी मी वर्गात तोंडी सांगेन.