आमची वाटचाल : मॅट पुरवण्यापासून स्वसंरक्षणाच्या वर्गापर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात शिकवण्यातून नव्हे, माल पोहोचवण्यातून झाली. कराटे-ज्युदोचे वर्ग आणि व्यायामशाळा यांना आम्ही जमिनीवर अंथरायच्या मॅट आणि हातात धरायचे पॅड पुरवत असू आणि त्यांची दुरुस्तीही करून देत असू. दुरुस्तीला आलेला माल हाताळता हाताळता एक गोष्ट लक्षात येऊ लागली. काही वर्गांच्या मॅट फक्त मधोमध झिजलेल्या असत, कारण तिथे प्रशिक्षक प्रात्यक्षिके दाखवत आणि बाकीचे कडेला उभे राहून पाहत; काहींचे पॅड दोन वर्षांनंतरही कोरे करकरीत राहत, म्हणजे तिथले विद्यार्थी हवेतच ठोसे मारत होते. ज्यांच्या मॅट कडेपर्यंत झिजत आणि पॅडची शिवण वरचेवर उसवे, ते वर्ग कोणते, हे आम्हाला तोंडपाठ झाले. "मुलीला कुठे घालू?" असे विचारणारे लोक मग आमच्याकडेच येऊ लागले. त्या चांगल्या वर्गांतही खेळ उत्तम शिकवला जात असला, तरी ज्याला स्पर्धेत उतरायचे नाही, केवळ वेळ आली तर स्वतःला वाचवण्यापुरते शिकायचे आहे, त्याच्यासाठी तिथे फारसे काही नव्हते. म्हणून आम्ही स्वतःच वर्ग काढला.

पहिला प्रशिक्षक निवडताना मात्र आमचे हे सारे शहाणपण आम्ही गुंडाळून ठेवले. आलेल्या गृहस्थांकडे काळा पट्टा होता, भरपूर पदके होती आणि हालचाल इतकी चपळ होती, की पाहणाऱ्याचे भान हरपावे. तिसऱ्या आठवड्यात मनगटाचा पेच दाखवताना समोरच्या विद्यार्थिनीने मॅटवर दोनदा थाप मारली. कुस्तीसारख्या पकडीच्या कोणत्याही सरावात या थापेचा अर्थ 'थांबा' असा असतो. पण त्यांचे वाक्य अजून पूर्ण व्हायचे होते, म्हणून ते थांबले नाहीत. तिचे मनगट दुखावले, ती पुन्हा आली नाही आणि महिनाभरात तिच्याबरोबरच्या चौघीही यायच्या बंद झाल्या. शुल्क आम्ही परत केले, परंतु दोष आमच्या निवडीचा होता. जिथे 'नको' म्हणायला शिकवायचे, तिथेच 'नको' ऐकले जात नव्हते.

काळ्या पट्ट्याचा धाक आम्ही तेव्हापासून सोडला. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची शाळा सुरू केली आणि त्यांची पट्ट्यांची पद्धत पुढे कराटेनेही उचलली. पहिल्या काळ्या पट्ट्याला जपानीत 'शोदान' म्हणतात, म्हणजे केवळ आरंभीची पायरी. शिवाय स्वसंरक्षणाच्या शिक्षकांना परवाना देणारी जगन्मान्य अशी एकच संस्था नाही. प्रत्येक शैलीची, प्रत्येक संघटनेची प्रमाणपत्रे निराळी असतात, त्यामुळे ते कोणी दिले आणि मिळवण्यासाठी नेमके काय करावे लागले, हे विचारल्याशिवाय त्या कागदावरून काही कळत नाही.

आता आमच्याकडे निवडीची रीत ठरलेली आहे. आमच्या हिशेबनीस बाईंचा उजवा खांदा आखडलेला आहे, आणि प्रत्येक उमेदवाराला अर्धा तास त्यांना शिकवायला सांगितले जाते. एकाने त्यांचा हात धरून सरळ वर ओढला. त्यांची मुलाखत तिथेच संपली. दुसऱ्या बाईंनी हात लावण्यापूर्वी विचारले, "ताई, हात कुठपर्यंत वर जातो? दुखायला लागले की लगेच सांगा." मग त्यांनी मनगट सोडवून घेण्याची साधी कृती दाखवली: पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जिथे जुळतात तिथे पकड सर्वांत कच्ची असते, म्हणून हात खांद्यातून न उचलता कोपर पुढे आणायचे आणि मनगट त्या फटीच्या दिशेने फिरवून काढून घ्यायचे. पहिल्या तीन खेपांना जमले नाही. चौथ्या खेपेला हिशेबनीस बाईंनी गोदामातल्या सर्वांत दणकट सहकाऱ्याच्या हातून मनगट सोडवले, आणि त्या शिक्षिकेने लगेच त्याला सांगितले, "आता खरोखर घट्ट धरा." जोडीदार मुद्दाम सैल धरत असेल तर तो सराव नव्हे, ही त्यांची भूमिका आम्हाला पटली आणि आम्ही त्यांनाच नेमले.

अभ्यासक्रमाला कात्री लावली तीही त्यांनीच. पूर्वीच्या यादीत चाळीस डाव होते. त्यांनी सात ठेवले. पर्याय वाढले की प्रतिसादाला लागणारा वेळही वाढतो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगांतून दाखवले होते, आणि घाबरलेल्या माणसाला तर आठवणे आणखी कठीण जाते. मुठीऐवजी तळहाताच्या मनगटालगतच्या भागाने मारायला आम्ही शिकवतो, कारण कवटीवर मूठ आदळली तर करंगळीच्या मागचे, तळहातातील हाड सहज मोडते. पडावे कसे, हेही शिकवतो: हनुवटी छातीकडे घेऊन, डोके आपटू न देता. लोकांना हा भाग नीरस वाटतो. पण रोजच्या आयुष्यात मारामारीपेक्षा घसरून पडण्याचे प्रसंगच अधिक येतात.

चाकूविषयी आमचे मत कडक आहे. हल्लेखोराच्या हातातून चाकू हिसकावण्याची प्रात्यक्षिके करणाऱ्या एका उमेदवाराला आम्ही पांढरा सदरा घालायला दिला आणि समोरच्याच्या हाती लाल मार्कर दिला. मिनिटभरात सदऱ्यावर अकरा रेघा उठल्या, त्यांतल्या दोन मानेजवळ. ते खट्टू झाले. पुढच्या उमेदवाराने मार्कर पाहताच हसून सांगितले की शक्य असेल तर आपण पळून जाऊ, आणि चाकूवाल्याला पैसेच हवे असतील तर पाकीट दूर फेकून पळू. तेही आज आमच्याकडे शिकवतात.

सर्वांत मोठा बदल मात्र अंगमेहनतीशी संबंधित नव्हता. कॅनडातील तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बारा तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या गटात पुढील वर्षभरात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के आढळले. त्या प्रशिक्षणाचा बराच भाग धोका ओळखण्याचा आणि ओळखीच्या माणसाला विरोध करताना मनात येणारा संकोच मोडण्याचा होता. तोवर आमचे सगळे सराव अंधाऱ्या वाटेवरच्या अनोळखी माणसाचे होते. आता जोडीदार मित्राची, नातलगाची, वरिष्ठाची भूमिका घेतो, आणि विद्यार्थ्याला मोठ्या आवाजात "हात काढा" म्हणावे लागते. पहिल्या दिवशी निम्म्या लोकांच्या तोंडून आवाजच फुटत नाही, आणि यात पुरुषही मागे नसतात.

मॅट पुरवण्याचे काम अजून चालू आहे, कारण वर्गाचे उत्पन्न एकट्याने जागेचा खर्च भागवत नाही. शुल्क भरण्यापूर्वी कोणालाही एक पूर्ण तास बसून पाहता यावे, म्हणून दाराजवळ चार खुर्च्या ठेवलेल्या असतात. पाहायला आलेल्यांना आम्ही एवढेच सांगतो, की शिक्षकांकडे नंतर पाहा, आधी मॅटवर कोणी थाप मारली तर काय होते ते पाहा.