तुम्ही विचारलंत म्हणून: फायबर आलं, तरी युजरनेम कशाला?

कोथरूड असो की हडपसर, राऊटर लावून दिला की घरातलं कुणीतरी विचारतंच, "डायल-अप कधीच गेलं ना? मग हे युजरनेम-पासवर्ड कशाला? आणि सेटिंगमध्ये एमटीयूपुढे (एका पॅकेटच्या कमाल आकारापुढे) हा १४९२ आकडा कसला?"

इथरनेटच्या फ्रेमवर, म्हणजे डेटाच्या पाकिटावर, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) असतो. पण ग्राहक कोण, त्याचं कनेक्शन कधी जोडलं, कधी तुटलं, हे इथरनेट बघत नाही. डायल-अपच्या काळात हे काम पीपीपी (पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल, दोन टोकांमधली जोडणी सांभाळणारे नियम) चोख करायचं. म्हणून फेब्रुवारी १९९९ मध्ये आरएफसी २५१६ हा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज आला आणि पीपीपी इथरनेटच्या पोटात बसवलं गेलं. तेच पीपीपीओई, म्हणजे 'पीपीपी ओव्हर इथरनेट'.

राऊटर आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो. पलीकडचा सर्व्हर ओ देतो, राऊटर त्याच्याकडे सेशन मागतो आणि सर्व्हर १६ बिटांचा सेशन आयडी देतो. इथपर्यंत फ्रेमवर इथरटाइप (आत कशाचा डेटा आहे ते सांगणारा आकडा) असतो हेक्समधला ८८६३, पुढे ८८६४. मग पीपीपी तुमचा पासवर्ड तपासून घेतं.

पीपीपीओईचं हेडर (डेटाच्या आधी लावलेली माहिती) फक्त ६ बाइटांचं. पहिल्या बाइटात व्हर्जन आणि टाइप, दुसऱ्यात कोड, मग दोन बाइट सेशन आयडी, दोन बाइट लांबी. त्यामागे आत आयपी आहे की आणखी काही, हे सांगणारे पीपीपीचे दोन बाइट. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये डेटा मावतो १५०० बाइट; त्यातून हे आठ गेले की उरतात १४९२. एवढ्याशा जागेत दोघांमधली स्वतंत्र लाइन उभी राहते, याचं मला आजही कौतुक वाटतं.

त्रास होतो तो वेगळ्याच कारणाने. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात, पण एखादी साइट अर्धी उघडून अडकते. तिथला सर्व्हर १५०० बाइटांची पॅकेट पाठवतो, वर 'तुकडे करू नका' अशी खूण. अशी पॅकेट आमच्या बाजूला मावत नाहीत. तसं कळवणारा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायची व्यवस्था) निरोप परत जातो, पण त्या सर्व्हरपुढच्या फायरवॉलने आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. सुरक्षेच्या नावाखाली केलेलं हे काम मला अजिबात पटत नाही. भोगतो तो ग्राहक, आणि शिव्या खातो लाइनमन.

तुमच्याकडे असं होत असेल, तर राऊटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (एका पॅकेटमधला टीसीपी डेटा किती मोठा असावा ती मर्यादा, म्हणजे एमएसएस, राऊटरनेच कमी करणं) चालू आहे का बघा. आयपीव्ही४ साठी एमएसएस १४५२ हवा. तपासायचं असेल तर तुकडे न करण्याची अट घालून पिंग करा: १४६४ बाइटांचा जायला हवा, १४६५ चा नाही.