फंडोप्लिकेशन आणि रेकॉर्ड रूम: माझा अनुभव

माझं फंडोप्लिकेशन २०१३ सालचं, दुर्बिणीतून केलेलं. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवतात, म्हणजे आम्ल वर चढत नाही. त्याआधी बुटाची नाडी बांधायला वाकलं की आंबट पाणी थेट घशाशी, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. त्या विटा निघाल्या त्या निघाल्याच. ढेकर मात्र धड येत नाही, वारा सगळा खालून सरतो, आणि सावकाश जेवावं लागत असल्यानं पंगतीत मी शेवटी उठतो. चालायचंच.

मध्यंतरी छातीत जळजळ सुरू झाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पँटोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, दिली आणि ती चालूच राहिली. शेवटी नव्या सर्जनना गाठलं. त्यांनी विचारलं, “रॅप पूर्ण होता की अर्धवट? जाळी बसवली होती का?” रॅप म्हणजे जठराचा तो गुंडाळलेला वेढा. निसेन पद्धतीत तो ३६० अंशांचा असतो, तूपे पद्धतीत २७०. पूर्ण वेढ्यात घास अडकणं, पोट फुगणं जास्त, आणि पुन्हा हात घालायची वेळ आली तर आत काय करून ठेवलंय हे आधी कळायला हवं. माझ्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘लॅप फंडोप्लिकेशन’. म्हणाले, ऑपरेशन नोट आणा.

आणायची कुठून? जुन्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममधून. खिडकीवरच्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, “तीन वर्षांपुढचं ठेवत नाही.” मागच्या रॅकवर २०११ची पाटी मला तिथून दिसत होती. ती दाखवल्यावर म्हणे, आयपीडी नंबर, म्हणजे भरती झाल्याचा नंबर, आणा. कार्डावरचा दिला, तर तो जुन्या सॉफ्टवेअरचा, नव्यात उघडत नाही. मग फॉर्म. त्यात रकाना, ‘रुग्णाशी नाते’. मी लिहिलं, स्वतः. “असं नाही चालत, नातं लिहा.” अहो, पेशंट मीच! तर म्हणाले, मग पेशंटचं संमतीपत्र जोडा. माझं मलाच संमतीपत्र! तेही दिलं. मग सही करणारे साहेब रजेवर, मग साहेब आले तर फाइल गोडाऊनला, मग गोडाऊनची गाडी फक्त शनिवारी. प्रत्येक वेळी पार्किंगचे पैसे वेगळे.

शेवटी साध्या कागदावर अर्ज लिहिला. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांत भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवायला सांगितलेत, तीन वर्षांनी रद्दीत घाला असं कुठे म्हटलेलं नाही. आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. खाली एक ओळ: ‘फाइल नष्ट केली असल्यास तसे तारखेसह लेखी द्यावे.’ दोन प्रती, एकीवर आवक शिक्का. लेखी द्यायची वेळ आल्यावर फाइल सापडली हो! पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नोट सव्वा पानाची. तूपे, जाळी नाही, डायाफ्रामच्या, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याच्या, भोकाला दोन टाके. एवढ्यासाठी!

पुढचं भराभर झालं. बेरियमच्या एक्स-रेमध्ये रॅप जागेवर, छातीत सरकलेला नाही. अन्ननलिकेत आम्ल किती चढतं ते मोजणारी चोवीस तासांची पीएच तपासणीही नॉर्मल. म्हणजे जळजळ आम्लाची नव्हतीच, आणि गोळी मी उगाच गिळत होतो. सर्जन म्हणाले, असे पेशंट बरेच येतात. स्वीडनमध्ये २,६५५ जणांचा अभ्यास २०१७ साली आला. त्यात ऑपरेशननंतर १७.७ टक्के लोकांत रिफ्लक्स, म्हणजे आम्ल वर चढणं, ‘परतला’. पण तिथे परतला कोणाला म्हणायचं, तर ज्यांच्या गोळ्या सहा महिन्यांहून जास्त चालल्या किंवा पुन्हा ऑपरेशन झालं त्यांना. त्यातले बहुतेक गोळ्यांवालेच. म्हणून गोळी सुरू झाली की ऑपरेशन फसलं, असं कोणी ठासून सांगितलं तर आधी पीएच तपासणी करायला सांगा.

हे आधी सांगायला हवं होतं: त्या तपासणीआधी गोळी साधारण आठवडाभर बंद ठेवावी लागते, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. नाकातून नळी असते, बोलताना घशाला टोचते, तरी त्या दिवशी नेहमीसारखं जेवा. आणि ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर डिस्चार्जच्या दिवशी बिलाबरोबर ऑपरेशन नोटची झेरॉक्सही मागून घ्या. त्या दिवशी ती वॉर्डातच असते, तळघरात जावं लागत नाही.