साल्ताचं 'माम' संग्रहालय: आधी वस्तू बघा, मग ती मुलगी

साल्ता हे अर्जेंटिनाच्या वायव्येकडचं शहर. राजधानी ब्युनोस आयर्सहून तिथे विमानाने दोन-सव्वादोन तास लागतात. तिथल्या ९ द हुलिओ चौकातच 'माम', म्हणजे उंच पर्वतांवरच्या पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे. सोमवारी ते बंद असतं, त्या हिशेबाने तारखा ठरवा.

१९९९ साली योहान राइनहार्ड आणि कोन्स्तान्सा सेरुती या संशोधकांच्या पथकाला अर्जेंटिना-चिली सीमेवरच्या युयायाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६,७०० मीटरांहून उंच, तीन मुलं सापडली. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी अँडीज पर्वतात राज्य करणाऱ्या इंकांच्या 'कापाकोचा' या बालबळीच्या विधीत त्यांचा बळी गेला होता. इजिप्तसारखे लेप वगैरे काही नाहीत, नुसत्या थंडीने देह टिकले. तिघांपैकी एका वेळी एकच मूल दाखवतात आणि काही महिन्यांनी बदलतात. कोण पाहायला मिळेल, हे आधी विचारून घ्या.

आम्ही गेलो तेव्हा 'दोन्सेया' (म्हणजे 'कुमारिका') होती, तिघांतली सर्वांत मोठी, तेरा ते पंधरा वर्षांची. मांडी घालून बसलेली, मान किंचित झुकलेली, केसांच्या कितीतरी बारीक वेण्या. वरच्या ओठावर कोकाच्या (अँडीजमध्ये चघळतात त्या) पानांचे कण अजून चिकटलेले आहेत. तिच्या केसांच्या तपासणीतून कळलं, की मरणाआधीच्या वर्षभरात तिला चांगलंचुंगलं खायला मिळू लागलं होतं आणि शेवटच्या काही आठवड्यांत दारू खूप वाढवली होती. हे वाचून त्या काचेसमोर उभं राहणं फार जड जातं.

म्हणूनच सांगते, धावत तिच्याकडे जाऊ नका. आधीच्या दालनांत मुलांसोबत पुरलेल्या वस्तू आहेत, तिथे भरपूर वेळ द्या. सोन्या-चांदीच्या आणि स्पाँडिलस शिंपल्याच्या वीतभरही नसलेल्या बाहुल्या आहेत. त्यांना खरीखुरी विणलेली वस्त्रं, त्यांवर इवल्या टाचण्या आणि डोक्यावर पिसांचे तुरे. हा शिंपला इक्वाडोरकडच्या उबदार समुद्रातला. तो या बर्फाळ माथ्यापर्यंत माणसांनी पायी आणलेला. लेकरांच्या पाठवणीची ही एवढी तयारी पाहिली, की पुढे काचेआड ममी नाही, कुणाची तरी मुलगी दिसते.

हे देह मांडून ठेवण्याला काही आदिवासी समाजांचा विरोध आहे, आणि मला तो पटतो. ज्यांना नको वाटेल त्यांनी ते दालन खुशाल टाळावं. लहान मुलांना नेणार असाल तर बळीची गोष्ट आधी घरी सांगा.

आत फोटो काढू देत नाहीत. गारवा असतो, शाल किंवा जॅकेट ठेवा. शाकाहारी असाल तर नंतर चौकाच्या आसपास 'उमिता' मागा: मक्याच्या पानात शिजवलेलं मका-चीजचं सारण. मांस नाही ना, एवढं मात्र विचारून घ्या.