चहा गार होणं आणि गार चहा करणं : आमची वाटचाल

बेळगावात "चहा गार झाला" ही तक्रार असते. त्यामुळे आम्ही गार चहाच विकायला काढला तेव्हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ह्यात दूध न्हाई व्हय?" दूध नाही, आणि खळखळून उकळणंही नाही. आज आमच्या दुकानात तयार आइस टीची बाटली मिळत नाही. पानाचा चहा, आमसुलं आणि साखरेचा घट्ट पाक एवढंच मिळतं, आणि सोबत कृती सांगितली जाते. बाटलीपासून इथवर का आलो, ते त्या कृतीतूनच कळेल.

सुरुवात घरोघरी असते त्याच सीटीसी पावडरीने झाली. ही दाणेदार पावडर दोन मिनिटांत सगळा अर्क सोडते. दुधाच्या चहाला तेच हवं असतं, कारण दुधातली प्रथिनं चहाचा तुरटपणा धरून ठेवतात. दूध काढलं की तोच तुरटपणा जिभेला लागतो. दुसरी अडचण दिसायला वाईट. सकाळी काचेसारखा लालभडक असलेला चहा फ्रीजमध्ये तासाभरात मातकट, गढूळ होतो. लोकांना वाटतं नासला. नासलेला नसतो. गरम पाण्यात विरघळलेलं कॅफीन आणि चहाला लाल रंग देणारे घटक थंड झाल्यावर एकमेकांना चिकटतात, आणि त्याचे बारीक कण पाण्यात तरंगतात. चहा जितका कडक तितका गढूळपणा जास्त. थोडं उकळतं पाणी घातलं की तो पुन्हा निवळतो.

म्हणून पावडर सोडून निलगिरी डोंगरातल्या पानाच्या चहाकडे वळलो. निलगिरीचा चहा गार केल्यावर बराच स्वच्छ राहतो, आणि त्याचा वास लिंबू-आमसुलाच्या वासात हरवत नाही. आसामचा पानाचा चहा जास्त कडक आणि जास्त गढूळ. तो गरमच प्यावा. दार्जिलिंग गार करणं आम्हाला पैशाची नासाडी वाटते, तरी ज्याची त्याची आवड.

आता माप. एक लिटर चहासाठी अर्धा लिटर पाणी आणि १० ग्रॅम पानं, म्हणजे साधारण पाच सपाट चमचे. पानं फुगीर असतात, म्हणून चमच्यापेक्षा काट्यावर तोलणं बरं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर असल्यामुळे इथे पाणी ९७-९८ अंशांलाच उकळतं. त्यामुळे उकळी आली की गॅस बंद, लगेच पानं घाला, झाकण ठेवा, चार मिनिटं थांबा. पाच चालतील, सात नाहीत. जास्त वेळ ठेवल्याने चहा कडक होत नाही, कडू होतो. कडक हवा असेल तर पानं वाढवा, वेळ वाढवू नका. पानं पिळायचीही नाहीत. पिळल्यावर येतो तो शेवटचा, सगळ्यात तुरट भाग.

गाळल्यावर हा गरम चहा अर्धा किलो बर्फावर ओता. अर्धा किलोच का, याला हिशेब आहे. गाळेपर्यंत चहा ८० अंशांच्या आसपास आलेला असतो, आणि एवढ्या उष्णतेत अर्धा किलो बर्फ जवळजवळ पूर्ण वितळतो. हाताशी एक लिटर, अगदी गार आणि योग्य ताकदीचा चहा उरतो. बर्फ कमी घेतला तर चहा कोमट आणि उग्र लागतो, जास्त घेतला तर पेल्यात पाणचट. पेल्यात नंतर टाकायचा बर्फ वेगळा. तोही चहाचाच गोठवला, तर शेवटचा घोटही पाणचट होत नाही.

उन्हाळ्यात दुपारी बर्फ पुरत नाही आणि वीजही नेमकी तेव्हाच जाते. त्यावर रात्रीची पद्धत बरी. आधी उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, १२ ग्रॅम पानं, झाकणाचं भांडं, फ्रीजमध्ये आठ ते दहा तास. गार पाण्यात तुरट घटक कमी उतरतात, म्हणून हा चहा गढूळही होत नाही आणि सौम्य लागतो. गच्चीवर उन्हात बरणी ठेवून चहा करायची टूम मध्यंतरी बरीच दिसली. ती करू नका. उन्हात पाणी उकळत नाही, नुसतं कोमट राहतं, आणि कोमटात जंतू मजेत वाढतात.

पाण्याचं तर विचारूच नका. नळाच्या पाण्याचा चहा स्वच्छ आणि बोअरवेलच्या पाण्याचा काळपट, वर तवंग, हा फरक एकाच गल्लीतल्या दोन घरांत दिसतो. जड पाण्यातला चुना चहाच्या घटकांशी जुळून तो तवंग तयार होतो. अर्ध्या लिंबाचा रस घातला की तवंग विरतो आणि रंग उजळतो, पण लिंबू नको असेल तेव्हा फिल्टरचंच पाणी घ्यावं.

गार चहात साखर विरघळत नाही, तळाला बसते. म्हणून पाक. एक किलो साखर, अर्धा लिटर पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, वर दहा-बारा थेंब लिंबाचा रस म्हणजे खडे धरत नाहीत. होतो साधारण ११०० मिलिलिटर. एक लिटर चहाला ७० मिलिलिटर पाक पुरतो. गारपणात गोडी कमी जाणवते, त्यामुळे कोमट असताना चाखून बेत ठरवला तर हमखास फसतो. संकेश्वर, गोकाक भागातला गूळ घालून पाहायचा मोह होतोच. आल्याच्या चहात तो छान लागतो, पण रंग गढूळ होतो आणि आमसुलाच्या चहात गुळाचीच चव वर येते.

आमसुलाचा चहा हेच आमचं खरं दुकान. चोर्ल्याच्या आणि आंबोलीच्या घाटाखालून येणारी सोलं, म्हणजे आमसुलं, घेताना मीठ लावलेली नाहीत ना, ते चाखून पाहा. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, घेऊ नका, त्यात मीठ असतं. एक लिटरसाठी १५ ग्रॅम सोलं २०० मिलिलिटर कोमट पाण्यात दीड तास भिजवा, हाताने कुस्करा, फडक्यातून गाळा. उकळायची नाहीत. उकळलं की तो देखणा लाल रंग विटकरी होतो. चहा मात्र इथे ८ ग्रॅमच घ्या आणि पाणी ३०० मिलिलिटर, कारण सोलांना स्वतःचा तुरटपणा असतो. पाक १०० मिलिलिटरपर्यंत जातो, काळं मीठ पाव चमचा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ ठेवणं म्हणजे विषाशी खेळ, आणि लोखंडात चहा काळा शाईसारखा होतो.

लिंबाच्या चहाचं एकच पथ्य: रस चहा गार झाल्यावर आणि वाढायच्या आधी घाला. पिळून ठेवलेला रस तासाभराने कडवट होत जातो, आणि साल सोलताना पांढरा भाग आला तर तोही कडू. पुदिना मिक्सरला लावू नका. काळा पडतो आणि गवतासारखा लागतो. दहा-बारा पानं तळहातावर ठेवून एक टाळी वाजवा, पेल्यात सोडा, झालं. आल्याचा रस काढला की दहा मिनिटं वाटीत राहू द्या. तळाला पांढरा साका बसतो, तो पिष्ट असतो. तो सोडून वरचाच रस घ्या, नाहीतर चहा पुन्हा गढूळ. गवती चहाची पाच-सहा पानं गाठ मारून पाच मिनिटं झाकून उकळा, मग गॅस बंद करून त्यातच चहाची पानं टाका.

एप्रिल-मेमध्ये खानापूर, जांबोटीकडून करवंदं आली की तीही घेतो. १०० ग्रॅम पिकलेली करवंदं, ५० ग्रॅम साखर, पाच मिनिटं शिजवून गाळली की एक लिटरला पुरतात. चीक भांड्याला चिकटतो. आधी तेलाचा हात फिरवून घासलं की निघतो. हापूसचा मात्र नाद सोडला. रस तळाला बसतो, चहा वर राहतो, आणि दोन्हींची चव जाते.

राहिली बाटली. ताजी भरलेली बाटली फ्रीजमध्ये तीन दिवस नीट राहते. आमच्या बाटल्या विकायला ठेवणारा दुकानदार मात्र रात्री फ्रीज बंद करतो, आणि साखर व फळाचा रस असलेल्या चहात यीस्टला तेवढी सवड पुरते. चौथ्या दिवशी झाकण फुगतं, उघडलं की फसफसतं. नुसत्या आंबटपणाने यीस्ट थांबत नाही. उपाय म्हणून ८५ अंशांला गरम भरून बाटल्या उलट्या ठेवल्या (काच आधी कोमट केली नाही तर तडकते, तेही झालं). टिकल्या, पण लिंबू शिजल्यासारखं लागू लागलं आणि आमसुलाचा रंग गेला. प्रिझर्वेटिव्ह घालून टिकवता आलं असतं, पण मग बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचाच माल आम्ही महाग विकला असता. तेव्हा सुटं सामान विकायचं ठरलं. पाक टिकतो, सोलं टिकतात, पानं टिकतात.

आता मोठ्या ऑर्डरी चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या येतात, पन्ह्याच्या जोडीला. ५० जणींना दीडशे मिलिलिटर धरून साडेसात लिटर: रात्रीच्या पद्धतीने ९० ग्रॅम पानं, पाक ५२५ मिलिलिटर. एकाच मोठ्या पिंपात भिजवू नका, ते फ्रीजमध्ये मधोमध गार व्हायला पहाट होते. चार लहान भांडी करा. लिंबू आणि बर्फ वेगळे ठेवा, पेला हातात देताना घाला.